हमीदाच्या मापाचा ओटा

१

मकबूल दर्जींनी आयुष्यात कुणाला टेप लावली नाही. टेप गळ्यात असायची, पण ती गिऱ्हाइकाला धीर वाटावा म्हणून. भवानी पेठेतल्या त्यांच्या दुकानाची पायरी चढून बाई आत येईपर्यंत तिचा खांदा, छाती, बाही, उंची, सगळं यांच्या डोक्यात बसलेलं असायचं. बाई पिशवीतून कापड काढतेय तोवर हे खडू शोधायला लागलेले. पस्तीस वर्षांत एक पोलकं उसवायला परत आलं नाही. एवढं झाल्यावर माणसाला थोडी मस्ती येतेच, आणि ती त्यांना होती. उगाच खोटं कशाला बोला?

हमीदा त्यांची बायको. घरात दोघं दखनी बोलत. मी सगळं मराठीतच सांगतो, नाहीतर निम्म्यांना कळायचं नाही आणि उरलेले निम्मे माझ्या उच्चारांना हसत बसतील. तर, हमीदानं चौतीस वर्षं दुकानामागच्या एका खोलीत, शिलाई मशीन आणि पाण्याचं पिंप यांच्यामधल्या फटीत उकिडवं बसून स्वयंपाक केला. डोक्यावर कापडाचे गठ्ठे, समोर घासलेटचा स्टोव्ह. दागिना मागितला नाही, कुठं फिरायला न्या म्हणाली नाही. एकच म्हणायची, "अजी, एकदा मला उघड्यावर, ऐसपैस, उभ्यानं रांधू द्या. मग मरायला मोकळी मी."

"आधी रांधून तर घाल," मकबूलभाई म्हणायचे. पण ते मनात धरून होते. या बाईनं आपल्यासाठी काय काय सोसलं हे त्यांना ठाऊक होतं. तोंडानं बोलायची सवय नव्हती, एवढंच.

सत्त्याऐंशी साली त्यांनी दुकान सोडलं आणि धायरीला दीड गुंठ्यात दोन खोल्या बांधल्या. तेव्हा सिंहगड रस्ता सोडून आत वळलं की नुसती शेतं. घरामागे मोकळी जागा, एक पेरू, एक कढीपत्ता. मुलगी रशीदा येरवड्याला दिलेली. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला हमीदा सव्वा महिना गेली. मकबूलभाईंनी मनाशी ठरवलं, ती परत येईल तेव्हा बागेत ओटा तयार पाहिजे. चूल, फळी, मोरी, वर पत्रा, तीन बाजू उघड्या. गावातला सर्जेराव गवंडी धरला आणि विटा स्वतः वाहायला लागले.

पहिल्याच दिवशी सर्जेराव म्हणाला, "भाभींचं माप द्या. हात कोपरात दुमडला, की त्याच्याखाली चार बोटं वटा पायजे."

"भाभी येरवड्याला आहेत."

"मंग येऊ द्या त्यास्नी. मी थांबतो."

"अहो, चौतीस वर्षं संसार केलाय. झोपेतून उठवून विचारा, माप सांगतो," असं म्हणून मकबूलभाईंनी खिशातला खडू काढला, भिंतीशी गेले आणि क्षणाचाही विचार न करता रेघ मारली.

सर्जेरावनं टेप लावली. "अठ्ठावीस इंच. लई बुटक्या हायत का वो भाभी?"

इथं थांबायला हवं होतं. हमीदा चांगली उंच. पेठेतल्या नळावर बायकांच्या घोळक्यातून तिचं डोकं वर दिसायचं. पण रेघ मारून झाली होती, आणि या हाताची रेघ कधी चुकली नव्हती. "तुम्ही विटा लावा," ते म्हणाले.

फळी किती उंचीवर, चुलीपासून मोरी किती हातावर, सगळी मापं अशीच त्यांच्या तोंडून पटापट येत गेली. शेवटच्या दिवशी खुंट्या ठोकताना सर्जेराव थबकला.

"भाभी डावऱ्या हायत?"

"छे, छे."

"मंग पळीच्या, झाऱ्याच्या खुंट्या समद्या डाव्या अंगाला सांगितल्या तुमी."

"आता ठोकल्यात ना? राहू द्या," मकबूलभाई म्हणाले आणि राडारोडा भरायला लागले.

२

हमीदा आली तेव्हा सर्जेराव खडकवासल्याकडे दुसऱ्या कामावर गेला होता. तिनं पदर खोचला, ओट्यापाशी उभी राहिली, शहाबादी फरशीवर हात ठेवायला गेली आणि कमरेत वाकली. पुन्हा सरळ झाली. पुन्हा वाकली. मग जी हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अजी, हे कुणाच्या मापाचं शिवलंत?"

मकबूलभाई शरमेनं लाल झाले. "फोडतो. उद्याच्या उद्या उंच करून घेतो."

"हात तर लावून बघा! या वयात विटा वाहिल्यात माझ्यासाठी. चौतीस वर्षं बसून केलं, आता वाकून करीन. बिघडलं काय?" आणि तिनं तिथल्या तिथं पुलाव चढवला. दोघं पेरूखाली बसून जेवली. वर आभाळ, हाताला गरम भात. आपण आयुष्यात एक तरी गोष्ट धड केली, असं त्या दिवशी त्यांना वाटलं आणि फार बरं वाटलं.

पण शिंप्याचं डोकं ते. दुपारी सुपारी कातरता कातरता मापं जुळवायला लागलं. ओटा अठ्ठावीस, म्हणजे कोपर कुठं. फळीला हात पोचायचा, म्हणजे बाही किती. ओटा आणि खांब यांच्यामधली जागा एवढीच सोडली, म्हणजे अंगानं केवढी. सगळी मापं चुकलेली होती, पण वाटेल तशी चुकलेली नव्हती. एकमेकांशी ती बरोबर जुळत होती. सुपारी संपेपर्यंत त्यांच्या डोळ्यांसमोर एक अख्खी बाई उभी राहिली. उंची चार फूट सात. खांदा साडेअकरा. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरलेला. उंचीच्या मानानं हात लांब. डावखुरी. तिचं पोलकं त्यांनी तिथल्या तिथं बेतून दिलं असतं.

एवढ्या वर्षांतली सगळी गिऱ्हाइकं त्यांनी आठवून पाहिली. या मापाची बाई त्यांच्या दुकानात कधीच आली नव्हती.

३

रमजान आला. दुपारी असरची नमाज झाली की हमीदा मागे जाई आणि मकबूलभाई पुढच्या खोलीत, दुकानातून आणलेल्या मशीनशेजारी, खाटेवर काजं करत बसत. हमीदाचा स्वयंपाक त्यांना कानांनी पाठ होता. इतकी वर्षं मशीनच्या खडखडाटातून त्यांनी तो ऐकला होता. भाकरी थापताना तिच्या तीन थापा सावकाश पडत आणि चौथी चटकन. मध्येच ती धुरानं खाकरे. तवा उतरवताना "या अल्ला" म्हणे.

एक दिवस त्यांची सुई थांबली. मागून थापण्याचा आवाज येत होता, पण सगळ्या थापा सारख्या. भरभर, एकामागे एक. श्वास घ्यायला थांबणं नाही, खाकरणं नाही. रोज्यानं घसा सुकला असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि घाईही असेल, इफ्तारीला किती वेळ उरलाय. तरी ते उठून मागच्या दारात गेले.

हमीदा पाठमोरी होती. झारा डाव्या हातात.

"डाव्यानं का?"

"उजवा भरून आलाय," ती म्हणाली. मागं वळली नाही.

मकबूलभाई परत येऊन बसले. हात भरून येतो माणसाचा, त्यात काय एवढं. पण ती वाकलेली नव्हती. ताठ उभी होती, आणि ओटा तिला बरोबर येत होता. हे त्यांनी पाहिलं होतं. मनाला मात्र पाहू दिलं नाही.

संध्याकाळी रोजा सोडल्यावर हमीदा आत त्यांच्याशेजारी टेकली. चेहरा उतरलेला.

"अजी, तिथं मला उभं राहायला जागाच उरत नाही."

"काहीतरीच काय! तीन बाजू उघड्या आहेत."

"तेच तर." ती कांद्याच्या वासाचे आपले हात उलटसुलट करून बघत राहिली. "माझं माप घ्या ना एकदा. टेपनं घ्या."

"मी? तुला टेप लावू? लोकांना कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"इथं कुठले लोक आलेत?"

"ईद होऊ दे. मग घेतो."

ती उठून भांडी आवरायला लागली. हट्ट धरणारी बाई नव्हती ती. आणि खरं सांगायचं तर मकबूलभाईंना लोकांची भीती वाटत नव्हती. टेप काय आकडा सांगेल, याची वाटत होती.

४

दर ईदला हमीदाचं नवं पोलकं ते स्वतः शिवत. अर्थात नजरेच्या मापानं. त्या वर्षी मोरपंखी कापड होतं. कात्री लोण्यातून फिरावी तशी फिरली, एका बैठकीत पोलकं तयार. ईदच्या सकाळी हमीदानं घातलं. काखेत चुणी नाही, पाठीला फुगा नाही.

"किती छान बसलं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा घाबरल्यासारखा आला.

दुसऱ्या दिवशी ते पोलकं धुऊन वाळल्यावर मकबूलभाईंनी दोरीवरून आत आणलं, ट्रंकेतून गेल्या ईदचं काढलं आणि खाटेवर दोन्ही एकावर एक पसरली. जुनं पोलकं नव्याच्या चहूबाजूंनी बाहेर आलं. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली. नव्याचा खांदा साडेअकरा. उजवा अर्धा इंच खाली.

वय झालं की बाई आक्रसते. रशीदा ईदला आली होती तीसुद्धा म्हणाली, "अम्मी, किती आटलीस गं!" आणि हट्टानं डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वय आहे, रोजे झालेत, ताकदीच्या गोळ्या घ्या. मकबूलभाईंनी ते 'वय आहे' घट्ट धरून ठेवलं. पण म्हातारपणी कंबर वाकते, पोट सुटतं, दंड लोंबतात. तीन महिन्यांत खांदा तीन इंच आत जात नाही. त्या डॉक्टरनं पाहिले नसतील इतके म्हाताऱ्या बायकांचे खांदे या माणसानं पाहिले होते.

मग त्यांनी डोळे मिटले आणि हमीदाचं जुनं माप आठवायला गेले. पोलकं मांडीवर होतं, टेप लावली असती तर आकडे मिळाले असते. पण त्यांना डोक्यातलं माप हवं होतं. लग्नात घुंघटाआडूनसुद्धा पहिल्या नजरेत घेतलेलं. खांदा किती? बाही किती? पुन्हा पुन्हा तीच दुसरी येऊन उभी राहायची. चार फूट सात, साडेअकरा. हमीदा तिथं नव्हती. मकबूलभाई मोरपंखी पोलकं तोंडाशी धरून लहान पोरासारखे रडले.

५

त्यांनी निरोप धाडून सर्जेरावला बोलावलं. ओटा फोडायचा म्हणून. तो घण खांद्यावर टाकून आला, घराच्या कोपऱ्यावरून मागे डोकावला आणि तिथूनच नमस्कार करून माघारी फिरला.

"भाभी कामात हायत. आन् मकबूलभाई, मी उगाच शंका घेतली वो. माप येकदम झ्याक. कोपराखाली बराबर चार बोटं."

"तुम्ही त्यांना आधी कधी पाहिलं होतंत?"

"न्हाई. आजच पघतोय."

मकबूलभाईंनी त्याच्या घणाकडे बोट दाखवलं. "फोडून टाका."

"आता? चुलीत इस्तू हाय. पेटत्या चुलीवर घण घालत न्हाय आमी. आमच्या बानंबी कदी घातला न्हाई. तीन दिस गार ठिवा, मंग बोलवा." जाता जाता तो म्हणाला, "भाभी बोलत न्हाईत वाटतं कुनाशी. मी रामराम केला, तर मागं वळूनसुदिक पाह्यलं न्हाई."

त्याला फाटकापर्यंत पोचवून मकबूलभाई घरात आले. पुढच्या खोलीत खाटेवर हमीदा पडली होती. भिंतीकडे तोंड, डोळे उघडे. तळवे कोरडे. ती बराच वेळ तिथंच असावी, कारण उशीला डोक्याचा खोलगा पडला होता.

मागून झाऱ्याचा आवाज येत होता. तो कोणाचा, हे बघायला मकबूलभाई गेले नाहीत. तुम्ही गेला असता?

६

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी हमीदाला खाटेवर बसवलं. "इथून हलू नकोस," म्हणाले. बादली भरली, बाहेर गेले. ओट्याशी कुणी नव्हतं. राखेखाली विस्तव होता. बादली ओतली, फुस्स करून वाफ उठली, राख त्यांच्या दाढीवर बसली. दुसरी ओतली. तिसरीही ओतली. काडी घालून ढवळून पाहिलं, नुसता काळा चिखल.

आत येऊन त्यांनी हमीदाचा हात हातात घेतला. असा हात त्यांनी कितीतरी वर्षांत धरला नव्हता.

"झालं बघ. तीन दिवस कळ काढ. मग फोडू. मग तुझं माप घेतो, टेपनं घेतो, तू म्हणशील तसं. आणि नवा बांधू."

"नवा नको," हमीदा म्हणाली. "मला आतच बरं. मशीनजवळ."

"मशीनजवळ तर मशीनजवळ. चुकलो मी, हमीदा. तू म्हणालीस तेव्हाच घ्यायला हवं होतं."

तिनं बोटं आवळली. उन्हाची झळ आत येत होती. तिची बोटं धरूनच मकबूलभाईंचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा मूठ रिकामी होती. मागून थापण्याचा आवाज येत होता.

ते मागच्या दाराशी गेले. चूल पेटली होती. चांगली ढणढणा. ओट्याशी मोरपंखी पोलक्यातली पाठ होती, उजवा खांदा जरासा उतरलेला, डावा हात परातीत. त्यांच्या नजरेनं सवयीनं माप घेतलं आणि ते तंतोतंत जुळलं.

मग त्यांनी पलीकडे पाहिलं. पत्र्याची सावली जिथं संपत होती, त्याच्या पुढं, पेरूच्या बुंध्याशी, उन्हात हमीदा उभी होती. आपल्या पुऱ्या उंचीची. वाकलेली नाही, आटलेली नाही. दोन्ही हात कमरेच्या जरा वर, ओटा खरा जिथं असायला हवा होता त्या उंचीवर, आणि त्या हातांखाली काही नव्हतं. ती हवेत थापत होती. तीन सावकाश, एक चटकन. ओठ पांढरे पडलेले. ती त्यांच्याकडे बघत होती.

"हमीदा!" त्यांनी हाक मारली.

"ओ," ओट्याशी असलेली म्हणाली. आवाज तोच, तिळमात्र फरक नाही.

पेरूखालचे ओठ हलले. ऐकू काही आलं नाही.

मकबूलभाईंनी जिवाच्या आकांतानं नजर तिच्यावर रोवली. एक आकडा. नुसता खांदा मिळाला तरी पुरे, पुढचं सगळं आपोआप येईल, असं त्यांना वाटलं. नजर खांद्यावर गेली आणि घसरली. गळ्यावर गेली, घसरली. पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. ती दिसत होती, अगदी समोर दिसत होती, आणि तिचं माप येत नव्हतं.

दहा पावलं होती मध्ये. चालत गेले असते, हाताला धरून आत आणली असती, मशीनजवळ बसवली असती. बायकोसाठी कुणीही दहा पावलं चालेल. पण वाट ओट्याला लागून जात होती, आणि ओट्याशी असलेलीनं आजवर एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं. जवळून जाताना ती वळली असती. मग तिचं तोंड दिसलं असतं. मकबूलभाईंनी उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं, आणि दुसरं काही त्यांच्यानं टाकवेना.

"अजी, ताट वाढलंय," ती म्हणाली. लांब डावा हात मागे आला आणि त्यानं ताट ओट्याच्या कडेला ठेवलं. खाली, त्यांच्या त्या एका पावलापाशीच, पाट मांडलेला होता.

हमीदाचे हात हवेत थांबले. तिनं मान हलवली, नको म्हणतात तशी.

मकबूलभाई पाटावर बसले. पेरूकडे पाठ करून बसले. भाकरी गरम होती, कडेनं खरपूस, हमीदाच्या हातची असते त्याहून जरा सरसच. पहिला घास घशाखाली उतरेना, दुसरा उतरला. पाठीमागे उन्हात अजून ऐकू येत होतं, तीन सावकाश, एक चटकन. मग तीन. मग दोन. मग ओट्यावरच्याच थापा तेवढ्या राहिल्या.

"आणखी?" वरून आवाज आला.

मकबूलभाईंनी मान वर केली नाही.

"अर्धी दे," ते म्हणाले.